तीन कुंड्यांतला घेवडा

माझ्या ताईने बावीस वर्षांत आपल्या मळ्यात विषाचा थेंब येऊ दिला नाही, आणि शेवटी आला तो माझ्या हातून आला. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचताना तुम्ही त्या फुलवाल्याला शिव्या घालत बसाल. त्या माणसाने आधीच भरपूर शिव्या खाल्ल्यात, आणि त्यातल्या निम्म्या आमच्या घरून गेलेल्या आहेत.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ती कॉलर लावायची. दिवसभर नुसत्या कॉलरी. कापडाला कडकपणा यावा म्हणून मालक कसलीतरी पावडर मारून आणायचा, त्याने तिच्या बोटांची कातडी सोलून निघायची. रात्री जेवताना ती चमचा मुठीत धरायची, कारण बोटांची टोकं टेकवता येत नसत. मी तेव्हा शाळेत होते आणि तिच्यासारखंच मुठीत चमचा धरून तिची नक्कल करायचे. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारखाना बंद पडला तेव्हा पालिका नदीकाठची जमीन पट्टे पाडून भाजी लावणाऱ्यांना देत होती. त्यासाठी एक संस्था काढलेली, चाळीसेक पट्टे, मधे पत्र्याची शेड, शेडमध्ये वजनकाटा आणि बाहेर एकच नळ. ताई अर्ज द्यायला उशिरा पोचली, म्हणून तिला सगळ्यात खालचा पट्टा मिळाला. पाऊस पडला की सगळ्यांचं पाणी उतरून आमच्याकडे मुक्कामाला. पहिल्या वर्षी बेडूक जास्त आणि भाजी कमी, अशी गत होती.

आमच्याकडची हवा कशी आहे सांगते. डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी तिसऱ्या काडीला पेटते, कपाटातल्या चपलांवर बुरशीची दाढी उगवते. अशा हवेत टोमॅटोला करपा यायला चार दिवस पुरतात. सोमवारी पानावर एक तपकिरी ठिपका, शुक्रवारी उभं झाड काळं. काकडीच्या वेलावर भुरी चढते ती पीठ सांडल्यासारखी. आजूबाजूचे सगळे तिला म्हणाले, बाई, औषध मार, उगाच हट्ट करू नकोस. ताईने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "ही बोटं बघा. पुन्हा मी हाताला काही लावणार नाही आणि दुसऱ्याच्या पोटात काही घालणार नाही. झाडं मरायची तर मरू देत."

आणि मेलीसुद्धा. तीन वर्षं मेली. त्या तीन वर्षांत ती काय काय शिकली ते मी जवळून पाहिलं, कारण तोवर मीही नवऱ्याचं घर सोडून तिच्याकडे राहायला आले होते. तिने वाफे गुडघ्याएवढे उंच केले. दोन झाडांच्या मधून वारा गेला पाहिजे म्हणून दुप्पट अंतर ठेवलं, लोक हसले की बाई, झाडं लावलीत की खांब. जमिनीला टेकणारी सगळी पानं ती कात्रीने काढायची. पाणी सकाळीच आणि मुळाशीच, पानावर एक थेंब उडाला तर माझा उद्धार. कारल्याला फळमाशी लागू नये म्हणून तिने जुन्या चादरींच्या छोट्या छोट्या पिशव्या शिवल्या आणि एकेका कारल्याला टोपडं घालावं तशी चढवली. हजारभर पिशव्या असतील. घरच्या शिलाई मशीनवर तिने आयुष्यात शिवलेलं सगळ्यात सुंदर काम तेच, असं मी कुठेही शपथेवर सांगेन.

चौथ्या वर्षापासून मळा लागला. शनिवारी सकाळी शेडसमोर टेबल मांडायचो आणि दहाच्या आत सगळं संपायचं. लोक भाजीला यायचे की ताईचं बोलणं ऐकायला, कोण जाणे. एकदा एका बाईने पालकाची जुडी उलटीपालटी करून विचारलं, "याला भोकं का आहेत?" ताई म्हणाली, "किड्याने आधी खाऊन पाहिलंय. त्याला काही झालं नाही. घ्या." ती बाई अजून दर शनिवारी येते, म्हणजे यायची.

पण तिचा राग! हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता तो. खुरपं जागेवर नसेल तर ती चाळीस पट्ट्यांना ऐकू जाईल अशी ओरडायची. नळाची पाळी कोणी चुकवली तर त्या माणसाच्या सात पिढ्यांचा हिशोब निघायचा. मी काही मवाळ नाही. नवऱ्याशी भांडले, बँकेतल्या बाबूशी भांडले, रिक्षावाल्यांशी तर रोजच भांडते. ताईसमोर मात्र माझी दातखीळ बसायची. तिने आवाज चढवला की मी नऊ वर्षांची व्हायचे आणि मुकाट्याने खाली बघायचे.

आता खताचं. शेणखत आम्ही बाहेरून आणायचो, आणि त्यातच सगळ्यात मोठा धोका असतो हे फार लोकांना माहीत नाही. गुरांना जो चारा घालतात, त्यावर कोणी रुंद पानांचं तण मारायचं औषध फवारलेलं असेल तर ते गुराच्या पोटातून जातं, शेणात उतरतं, उकिरड्यात वर्षभर पडून राहतं आणि तरी मरत नाही. गवताला, मक्याला त्याने काही होत नाही. पण टोमॅटो, वांगी, घेवडा यांची पानं आवळत जातात, मूठ मिटावी तशी, आणि झाड उभ्या जागी कुढत मरतं. वरच्या पट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्याचा मळा असाच गेला होता, तेव्हा ताईने हे ऐकलं. तेव्हापासून तिचा कायदा होता. नवीन खत आलं की त्यातलं थोडं तीन कुंड्यांत भरायचं, प्रत्येकीत घेवड्याचे दाणे टोचायचे आणि तीन आठवडे थांबायचं. घेवड्याची पानं सरळ आली तरच खत वाफ्यात जाणार. त्याआधी एक टोपलीही नाही.

आणि फुलवाला. आमच्या वरच्या बाजूला, कुंपणापलीकडे त्याचे गुलाब. आमच्या हवेत गुलाब म्हणजे पानोपानी काळे डाग, म्हणून तो दर शुक्रवारी पाठीवर पंप घेऊन बुरशीचं औषध मारायचा. संस्थेत त्याला बंदी नव्हती, बंदी फक्त तणनाशकाला होती, कारण खाली गावची पाण्याची विहीर आहे. तो नियम नऊ वर्षांपूर्वी घालायला कोणी लावला? आमच्याच ताईसाहेबांनी. जो कोणी तणनाशक आणेल त्याने पंधरा दिवसांत पट्टा सोडायचा. ताईचं आणि फुलवाल्याचं अकरा वर्षं जमलं नाही. शुक्रवारी वारा आमच्याकडे असला की ती कुंपणाशी जाऊन उभी राहायची आणि तो ओरडायचा, "अहो डॉक्टरीणबाई, बाजूला व्हा, तुम्हाला फवारलं तर औषधच मरेल!" ती म्हणायची, "तुमच्या गुलाबांना वास तरी येतो का, की तोही बाटलीतून आणता?" त्याची बायको गुच्छ बांधत खुदकन हसायची. भांडण होतं, पण त्यात खुनशीपणा नव्हता. तो आम्ही नंतर आणला.

त्या वर्षी पाऊस हटायलाच तयार नव्हता. आमचा खताचा ढीग भिजून आंबला, नाक धरून जावं लागे. लागवड तोंडावर आली आणि खत नाही. मी शहराबाहेरच्या एका नव्या गोठेवाल्याकडून दोन ट्रॉल्या आणल्या. काळंभोर, भुसभुशीत, बघून ताईसुद्धा म्हणाली, "बरं आहे ग." मी तीन कुंड्या भरल्या, घेवडा टोचला, शेडच्या मागे ठेवल्या. ते काम माझं होतं.

आठव्या दिवशी बघते तर तिन्ही कुंड्यांत नुसते देठ. गोगलगायींनी रातोरात सगळं चाटून साफ केलेलं. कुंड्यांच्या काठावर त्यांचे चकचकीत माग. पुन्हा दाणे टोचायचे म्हणजे पुन्हा तीन आठवडे, म्हणजे हंगाम गेला. आणि ताई म्हणणार, कुंड्यांभोवती राख का नाही टाकलीस, जाळी का नाही घातलीस, तुला एक काम सांगितलं तर तेही. खरंच राख टाकायची राहिली होती. मी आतल्या आत जे काही मला ऐकवलं जाणार होतं ते सगळं ऐकून घेतलं. पुढचे दोन आठवडे मी ताईला शेडच्या मागे जाऊ दिलं नाही, काही ना काही कारण काढून. आणि विसाव्या दिवशी संध्याकाळी जुन्या वाफ्यातून घेवड्याची तीन चांगली रोपं मुळासकट उचलली आणि त्या कुंड्यांत बसवली. माती दाबली, पाणी घातलं, हात धुतले.

दुसऱ्या दिवशी ताईने कुंड्या बघितल्या. पानं हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "सरळ आहेत. घाल," म्हणाली. मी खत घातलं. सगळ्या वाफ्यांत घातलं, कुंपणाजवळच्या एका वाफ्यापुरतं कमी पडलं, तिथे ताईने जुनंच शिल्लक मिसळलं.

तीन आठवड्यांनी टोमॅटोच्या शेंड्यांची पानं आवळायला लागली. मग वांगी. मग घेवडा. पानं सुरळीसारखी वळली, देठ पिळवटले. ताई वाफ्यात उकिडवी बसली, एक पान हातात घेतलं आणि उठली ती थेट कुंपणाशी. "तणनाशक मारलंत! माझ्या मळ्यावर तणनाशक मारलंत तुम्ही!" तिचा आवाज नदीपलीकडे गेला असेल. फुलवाला खुरपं हातात घेऊन उभाच राहिला. म्हणाला, "ताई, काय बोलताय? मी तण खुरप्याने काढतो. ते औषध मारलं तर आधी माझे गुलाब मरतील ना?"

किती सरळ बोलणं होतं ते! शेंबड्या पोरालाही पटलं असतं. पण आम्हाला कोणाला ते ऐकायचंच नव्हतं. ताई म्हणजे संस्थेतली सगळ्यात जुनी, सगळ्यात खरी, आणि तो दर शुक्रवारी पंप घेऊन फिरणारा. लोकांनी मनातल्या मनात निकाल कधीच लावून टाकला होता.

दोन दिवसांनी शेडमध्ये सभा झाली. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त पोस्टमन, त्याला भांडणं आवडत नाहीत, म्हणून तो ती लवकर मिटवतो आणि नेहमी चुकीची मिटवतो. त्याने विचारलं, "कोणी पाहिलंय का?" सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग ताईने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "मी पाहिलं. शुक्रवारी पंप होता त्यांच्या पाठीवर."

"तणनाशकच होतं?"

"वास तसाच होता," मी म्हणाले.

मला तणनाशकाचा वास कसा असतो हे आजही माहीत नाही. मला तेव्हा खरं माहीत होतं का, असं कोणी विचारलं तर सांगते, माहीत होतं. कुंड्या डोळ्यांसमोर होत्या. पण खोटं एकदा बोललं की त्याला पोसावं लागतं, आणि मी त्या माणसाचा पट्टा त्या खोट्याच्या ताटात वाढला. त्याच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल शोधायचं सोंग केलं. सेक्रेटरीने कागदावर लिहिलं, पंधरा दिवस. फुलवाला एकच बोलला, "अकरा वर्षं मी यांच्याशी भांडलो. पण यांच्या भाजीला नाव ठेवलं नाही मी कधी." आणि गेला.

त्यानंतर मी दिवस मोजत होते, चोरासारखी. एकदा धीर करून गोठेवाल्याकडे गेले आणि विचारलं, चारा कुठून आणतोस? तो म्हणाला, बाहेरून घेतो, वाळलेलं गवत, स्वस्त पडतं. त्यावर काही मारलं होतं का? "मला काय ठाऊक? गुरं तर ठणठणीत आहेत, दूध देतायत!" मी त्याच्या गोठ्यात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. त्याच्या दहा पिढ्या काढल्या. घरी आल्यावर लक्षात आलं, अरे, शिव्या तर मी स्वतःला घालत होते, त्याचा पत्ता वापरून.

ताईला मात्र मी काही बोलले नाही. रोज सकाळी म्हणायचे, आज सांगते. रोज संध्याकाळी म्हणायचे, उद्या. तिकडे फुलवाल्याकडे माणसं येऊन जागेचं विचारत होती, गुलाबांचं काय करणार, विकणार का. आणि मी कारल्यांना पिशव्या घालत बसले होते, जसं काही जगात तेवढंच काम उरलंय.

बाराव्या दिवशी सकाळी ताईने मला हाक मारली. ती कुंपणाजवळच्या वाफ्यात उभी होती.

"हा घेवडा बघ," म्हणाली.

बघण्यासारखाच होता. हिरवागार, पानं तळहाताएवढी आणि सरळ.

"हा त्याच्या कुंपणाला लागून आहे. तो फवारतो इथून चार हातांवर. हा धडधाकट. आणि तिकडे टोकाचा वाफा, सगळ्यात लांबचा, तो सगळ्यात आधी मेला. वारा काय या वाफ्यावरून उडी मारून गेला?"

मी चपलेने वाफ्याच्या कडेची माती सारखी करू लागले.

"या वाफ्यात नवं खत नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कुंड्यांतला घेवडा कुठला होता?"

मला वाटलं होतं, विचारलं तर थाप मारीन. पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. गोगलगायी, देठ, राख, विसावा दिवस, तीन रोपं, सगळं. बोलता बोलता मी रडत होते, आणि रडते म्हणून स्वतःचाच संताप येत होता.

ताई भडकली. असं तिला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "बावीस वर्षं! बावीस वर्षं मी इथे हाडं झिजवलीत, आणि तू तीन रोपं बदललीस? आणि त्या माणसाला उठवलंस? वास घेतलास म्हणे! कुठला वास घेतलास, सांग ना, कुठला वास?" हातातलं खुरपं तिने फेकलं, ते मांडवाच्या बांबूला लागून उडालं. आजूबाजूच्या पट्ट्यांवरची माणसं काम सोडून बघायला लागली. मग ती एकदम चालायला लागली, वर, फुलवाल्याकडे. मी मागे.

अजून तीन दिवस हातात आहेत, असं मी मोजलं होतं. फुलवाल्याने वेगळं मोजलं होतं. झाडं न्यायला टेम्पो त्याला आजच मिळाला होता. अर्धे गुलाब उपटून झाले होते. मातीसकट न निघालेले, मुळं उघडी पडलेली, ओळीने आडवे टाकलेले, आणि वर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. त्याची बायको मुळांवर ओलं गोणपाट घालत होती आणि गोणपाट पुरत नव्हतं.

"थांबा," ताई म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. विष आमच्या खतातून आलं. थांबा, उपटू नका."

फुलवाल्याने कंबर सरळ केली. हातातलं झाड खाली ठेवलं. मग म्हणाला, "आता?" एवढंच. आणि मग एकदम मोठ्याने, "आता आलात? शंभर झाडं काढून झाल्यावर? सभेत काय झालं होतं तुम्हाला? मी सांगत नव्हतो? माझे गुलाब आधी मरतील, सांगत नव्हतो?"

"सांगत होता," ताई म्हणाली.

"मग?"

ताई खाली बसली आणि एका झाडाचं मूळ मातीत घालायला लागली. "हात लावू नका," तो म्हणाला. ती उठली. नळावर गेली, बादली भरून आणली. "तिथेच ठेवा, कुंपणाबाहेर," तो म्हणाला. तिने तिथेच ठेवली. त्या सकाळी तिने अठ्ठावीस बादल्या आणल्या आणि सगळ्या कुंपणाबाहेर ठेवल्या. तो एकेक उचलून नेत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. मी दुसरी बादली उचलली तर ताई म्हणाली, "तू नको."

दुपारी पुन्हा सभा बसली, तिनेच बसवली. सगळं उभं राहून सांगितलं, आणि सांगताना माझं नाव घेतलं नाही. "माझ्या मळ्यात आलेलं खत," म्हणाली. "माझी तपासणी," म्हणाली. मला वाटलं आता उठावं. मी उठले नाही. तोंडात माती भरल्यासारखी बसून राहिले. फुलवाल्याचा पट्टा परत त्याच्या नावावर झाला, पाच मिनिटांत. मग ताई म्हणाली, "आता माझं लिहा."

"तुमचं काय?" सेक्रेटरी गडबडला.

"नियम आहे ना? जो आणेल तो पंधरा दिवसांत जाईल."

"अहो, पण ताई, तुमचं चुकून झालं."

"त्याचं तर झालंच नव्हतं," ताई म्हणाली. "तरी काढलंत."

शेडमध्ये पत्रा तापून कडकड वाजत होता. मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं माफ करू या. कोणी म्हणालं ताई गेल्या तर शनिवारी कोण येईल इथे. सेक्रेटरीने हात वर करायला सांगितले आणि भराभर हात वर झाले. फुलवाला दारात उभा होता, कोपरापर्यंत चिखलाने माखलेला. त्याचा हात खाली होता. सेक्रेटरी त्याला म्हणाला, "तुमचं काय मत?" तो म्हणाला, "मला काढलंत तेव्हा माफीसाठी हात वर करायला सांगितले होते का कोणाला?" आणि पाणी घालायला निघून गेला.

मला तेव्हा त्याचा इतका राग आला की मागे धावावंसं वाटलं. एक हात वर केला असतास तर काय बिघडलं असतं तुझं! आज तो राग आठवला की लाज वाटते. त्याचे उपटलेल्या शंभरातले साठ गुलाब त्या आठवड्यात वाळून गेले. तो कुठल्या मनाने हात वर करणार होता?

मग शेवटची पळवाट कोणीतरी काढली. पट्टा धाकट्या बहिणीच्या नावावर करा, ताई येऊन काम करतील, नियमही राहील आणि मळाही राहील. सगळ्यांचे चेहरे उजळले. सेक्रेटरीने पेनाचं टोपणसुद्धा काढलं. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नको. पट्टा सोडते." तिने मला वाचवलं आणि मळा मला दिला नाही, दोन्ही एकाच वाक्यात.

पंधरा दिवस तिने काम केलं, कोणी बघितलं तर वाटावं की इथेच म्हातारी होणार आहे. मेलेली झाडं उपटून जाळली, राखही बाहेर नेली. सगळ्या वाफ्यांत मका टोचला, कारण मक्याला ते विष बाधत नाही आणि पुढच्या माणसाची जमीन उघडी पडू नये. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, दोन वर्षं इथे टोमॅटो, वांगी, घेवडा लावू नका. शनिवारी टेबल मांडलं आणि भाजी न ठेवता उभी राहिली. येईल त्याला सांगत होती, गेल्या महिन्यात माझ्याकडून टोमॅटो नेले असतील तर ते चांगले होते, ते जुन्या लागवडीचे, पण यापुढे मी देऊ शकत नाही. काही जणांनी तिच्या हातात हात दिला. काही जण मागे सरकले, आणि एका बाईने पिशवी पोटाशी घट्ट धरली. ताई कोणालाही बोलली नाही. टोमणा नाही, काही नाही. ते बघवत नव्हतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी कारल्यांवरच्या पिशव्या काढत होतो. मला राहवलं नाही.

"ताई, मला मार. शिव्या दे. पण अशी गप्प राहू नकोस."

ती पिशव्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "शिव्या कशाला? माझंच चुकलं. मी ओरडेन म्हणून तू रोपं बदललीस ना? इतकी वर्षं मी अशी ओरडत आले की घरातल्या माणसाला माझ्यासमोर खरं बोलायची भीती वाटायला लागली. मळा त्यानेच गेला."

आणि माझं डोकं सटकलं.

"नाही!" मी ओरडले. "नाही, ताई! ते माझं आहे! तू पट्टा घेतलास, सभेत माझं नाव गिळलंस, पाण्याची बादली मला उचलू दिली नाहीस, सगळं तूच घेतलंस. ही चूक तरी माझी मला ठेव! मी रोपं बदलली, मी वासाचं खोटं बोलले, मी बारा दिवस गप्प बसले. तू कितीही ओरडलीस तरी माझी जीभ काही तू कापली नव्हतीस!"

माझा आवाज एवढा चढला होता की कुंपणापलीकडे फुलवाला पाणी घालायचा थांबला. नऊ वर्षांनी मोठ्या बहिणीवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले होते, आणि थांबवता येत नव्हतं.

ताईने पिशव्या खाली ठेवल्या.

"हं," ती म्हणाली. "त्या दिवशी असं ओरडायचं होतंस ग."